साळीचं घर

माझ्या खोलीच्या किल्लीवर कोरलं होतं : लुंबुंग सात.
छप्पर उलट्या नालेसारखं, वर गवत शाकारलेलं,
आत एसी, पांढरी चादर,
चादरीवर टॉवेलचा हंस.
तीन रात्री मी हंसाला खुर्चीत झोपवलं.

चौथ्या दिवशी सगळे कासवं बघायला गेले.
मला होडी लागते.
चाफा झाडणारा अमाक सहनिम म्हणाला,
बाराला सुटतो मी. घरी चाललोय. येतेस?

स्कूटरला आरसा एकच, तोही आभाळाकडे फिरलेला.
दुसऱ्या वळणावर समुद्र सुटला
आणि मला त्याची आठवणही आली नाही.
मग तंबाखू, तंबाखू भाजायच्या उंच विटांच्या भट्ट्या,
एका सायकलवर तिघं शाळकरी,
म्हशींच्या गळ्यातल्या लाकडी घंटा,
उन्हानं करपलेल्या टेकड्या,
आणि एका चढाच्या माथ्यावर एकदम खाचरं.
पायरी पायरीनं दरीत उतरलेली. इतकी हिरवी
की अमाकनं न विचारताच इंजिन बंद केलं.
पाणी वरच्या बांधातून खालच्या बांधात पडत होतं.
एक म्हातारा पाय धूत बसला होता.
ते पाणी खालच्याच्या शेतात गेलं.
खालच्यानं नुसती मान वर करून चुना मागितला.

गाव डोंगराला पाठ टेकून.
इनाक सहनिम घर सारवत होती.
म्हशीचं शेण. तो वास.
मी उंबऱ्याबाहेरच थबकले.
ओल्या सारवणावर पाय द्यायचा नसतो,
हे मला कुणी सांगावं लागलं नाही,
आणि तिच्या भुवया सैल झाल्या.

चार खांबांच्या माचीवर आम्ही बसलो.
उकडलेले कंद, गाळ खाली बसलेली कॉफी.
सहनिम, वय बारा, दुभाषी :
आई विचारते, तू कुणाची आई?

इथं पहिलं मूल झालं की बाईचं नाव उतरवून ठेवतात.
बाप्याचंही.
मग ती अमकीची आई, तो अमकीचा बाप, कायमचे.

कुणाचीच नाही, मी म्हणाले.
सहनिमनं ते आईला सांगितलं,
मी म्हणाले होते त्याहून हळू.
कोंबडी माचीखालून गेली.
इनाक बराच वेळ काही बोलली,
सहनिमनं शब्द शोधले :
आई म्हणते, मग तुझं नाव अजून तूच वापरतेस.
झिजलं असेल.
तिचं बघ, बारा वर्षं ठेवणीत आहे.
घडीसुद्धा मोडलेली नाही.

काय आहे ते, मी विचारलं.
इनाक उठली, शिडी लावून
साळीच्या कोठारात चढली.
वर फक्त बायांनी जायचं.
अमाक खाली मान वर करून उभा,
हात पसरलेले, पेंढी झेलायला.
छप्पर उलट्या नालेसारखं.
खांबांना लाकडी चकत्या, उंदीर चढू नयेत म्हणून.

मी फोनमध्ये माझ्या खोलीचा फोटो दाखवला.
तिनं पाहिला. शेजारणीला बोलावलं. शेजारणीनं सासूला.
सहनिमला हसू आवरेना, भाषांतर अर्धंच राहिलं :
साळीला... एसी...
सासूनं मला दंडाला चाचपून पाहिलं,
दाणा भरलाय का बघतात तसं.
निघताना इनाक माझ्या कानाशी वाकली
आणि एक शब्द म्हणाली.
तो मी इथं लिहिणार नाही.

रात्री लुंबुंग सात.
खांबांना चकत्या इथंही आहेत, पॉलिश केलेल्या.
हंस पुन्हा चादरीवर. मी त्याची मान सोडवली,
त्याचा टॉवेल झाला, तोंड पुसलं.
एसी बंद केला. गवतात काहीतरी खुडबुडलं.
अंधारात पडल्या पडल्या
माझं नाव मी एकदा अंगावर घालून पाहिलं.
कडेला विरलंय, खोटं कशाला बोलू.
बेतलेलं मात्र माझ्याच मापाचं.